कॉम्प्युटर मोजायला अख्खा मे महिना काहून लागते?

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी नागपुरातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचा असिस्टंट आहे. कॉलेजचं नाव सांगत नाही आणि माझंही छापू नका, उद्या मलाच केबिनमध्ये बोलावून विचारतील की पेपरवाल्यांकडे कोण गेलं होतं. पत्र जरा लांबलं आहे, कापायचं असेल तर कापा, पण टेंडरवाला भाग ठेवा ही विनंती.

तर झालं असं की दरवर्षी परीक्षा संपल्या की आमच्याकडे जडसंग्रह नोंदवहीची पडताळणी निघते. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, डेड स्टॉक रजिस्टरचं हे सरकारी नाव, खुर्च्या टेबलं पंखे कपाटं आणि कॉम्प्युटर सगळं त्याच्यात. खुर्ची मोजणं सोपं आहे, खुर्ची दिसते. कॉम्प्युटरचं तसं नाही, रजिस्टरमध्ये लिहिलेला सिरियल नंबर मशीनच्या मागच्या स्टिकरवर शोधावा लागतो, मागे म्हणजे भिंतीकडे, म्हणजे टेबल ओढा, वायरींचा गुंता सोडवा, मोबाईलचा टॉर्च मारा आणि वाकून वाचा, तेही मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस अंश आणि लॅबचा एसी बंद कारण पोट्टे सुट्टीवर आहेत मग एसी कोणासाठी. कूलर लावला तर धूळ उडते. आमच्या इकडच्या उन्हाळ्यात स्टिकरचा गोंदही टिकत नाही, दोन वर्षांत कोपरे उचलतात, तिसऱ्या वर्षी स्टिकर झाडूवाल्या मामांच्या सुपलीत. कॉलेजनं स्वतः लावलेल्या बारकोडांचंही तेच झालं.

तीन लॅब मिळून ११४ मशीन. मी वाचणार, स्टोअरवाले काका लिहिणार, असं आम्ही दोघं अकरा दिवस करत होतो. काकांना आकडे नीट ऐकू येत नाहीत, बी आणि डी मध्ये घोळ होतो, मी म्हणे बी बदकातला, ते म्हणे बरोबर बी, आणि लिहून ठेवलं डी.

आता माझं म्हणणं असं आहे की हे सगळं करायची गरजच नाही, म्हणजे नसायला पाहिजे. कारण तो सिरियल नंबर मशीनच्या आतही असतो. मशीन चालू झाल्याझाल्या बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम, मेमरीत एक तक्ता मांडून ठेवते, त्याला एसएमबायोस म्हणतात, सिस्टम मॅनेजमेंट बायोस. त्याच्यात सगळ्या गोष्टींना नंबर ठरलेले आहेत. टाइप शून्य म्हणजे बायोस, टाइप १ म्हणजे मशीन, त्यात कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर आणि यूयूआयडी नावाचा एक लांबलचक नंबर जो जगात दुसऱ्या मशीनचा नसावा अशी अपेक्षा. टाइप २ मदरबोर्ड, टाइप ३ कॅबिनेट आणि त्यात आपल्या ऑफिसचा असेट टॅग, म्हणजे रजिस्टरमधला नंबर, लिहायला चक्क वेगळी जागा दिलेली, टाइप ४ प्रोसेसर, टाइप १७ म्हणजे रॅमचा एकेक स्लॉट, किती जीबी, किती स्पीड, कोणाची, तिचा नंबर काय. कोणत्याही कंपनीची मशीन घ्या, तक्ता हाच. विंडोज असेल तर डब्ल्यूएमआय नावाची सोय विंडोज २००० पासून आतच बसलेली आहे, ती हा तक्ता वाचून देते, लिनक्स असेल तर डीएमआय-डीकोड अशी कमांड आहे. एका जागी बसून सगळ्या लॅबची यादी नेटवर्कवरून काढता येते, ओसीएस इन्व्हेंटरी किंवा जीएलपीआयसारखी फुकटची सॉफ्टवेअर्स हेच करतात, प्रत्येक मशीनवर एजंट नावाचा एक छोटा प्रोग्राम टाकायचा की झालं. माझी जुनी बॅच फाईल डब्ल्यूएमआयसी कमांडवर चालायची, विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत ती कमांड आपोआप येत नाही म्हणून आता पॉवरशेलमधून करावं लागतं, पण ते एक दुपारचं काम होतं.

हे काही काल परवाचं नाही. १९९२ साली डीएमटीएफ नावाची संस्था याच कामासाठी निघाली, तेव्हा त्यातल्या डी चा अर्थच डेस्कटॉप होता, डेस्कटॉप मॅनेजमेंट टास्क फोर्स, १९९९ मध्ये तो डिस्ट्रिब्युटेड झाला. त्या काळी ज्यांनी साउंड कार्ड आणि मोडेम बसवले असतील त्यांना आठवत असेल, दोन कार्डं एकाच आयआरक्यू नंबरसाठी, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायच्या लाइनसाठी, भांडायची आणि मशीनमध्ये नेमकं काय काय आहे हे कॅबिनेट उघडल्याशिवाय कळायचं नाही. मग त्यांनी डीएमआय काढलं, डेस्कटॉप मॅनेजमेंट इंटरफेस. कल्पना साधी होती, प्रत्येक पार्टसोबत त्याच्या कंपनीनं एमआयएफ नावाची एक माहितीची फाईल द्यायची, मध्ये एक सर्व्हिस लेयर बसणार, वरून कोणतंही सॉफ्टवेअर विचारेल आणि खालून कोणताही पार्ट उत्तर देईल, दोघांनी एकमेकांना ओळखायची गरज नाही. आपल्याकडच्या लग्नातल्या मध्यस्थासारखं. पण हे सगळं विंडोज चालू असेल तरच, आणि ज्या मशीनचं विंडोजच उठत नाही तिचीच तर माहिती आपल्याला पाहिजे असते. पुढे सीआयएम हे जास्त मोठं मॉडेल आलं, ज्याच्यावर आजचं डब्ल्यूएमआय उभं आहे, आणि ३१ मार्च २००५ ला डीएमआय अधिकृतपणे बंद केलं. नाव मात्र अजून त्या लिनक्सच्या कमांडमध्ये चिकटून आहे, बंद पडलेल्या टॉकीजचं नाव चौकाला राहते तसं.

म्हणजे तीस वर्षांपासून सोय आहे. मग मी अकरा दिवस टेबलाखाली काहून वाकलो?

ते सांगतो. मागच्या वर्षी मी ठरवलं की यंदा रजिस्टर नाही, सॉफ्टवेअर. सुट्टीत सगळ्या ११४ मशीनवर एजंट टाकला, संध्याकाळी यादी काढली तर ६९. परत चालवलं, परत ६९. पंचेचाळीस मशीन गायब, आणि समोर तर चालू दिसून राहिल्या! त्यातही गंमत अशी की यादीतल्या एका मशीनचं नाव दर वेळी बदलायचं, आत्ता लॅब ३ मधली ७ नंबर, चहा पिऊन आलो तर १९ नंबर, मग ४० नंबर. मला वाटलं व्हायरस आहे. रात्री साडेआठपर्यंत बसलो तेव्हा कळलं. तिसऱ्या लॅबमधल्या ४६ मशीन असेंबल्ड आहेत, एकाच लॉटमध्ये घेतलेल्या, त्यांच्या तक्त्यात सिरियल नंबरच्या जागी लिहिलं होतं 'टू बी फिल्ड बाय ओईएम'. मराठीत सांगायचं तर 'इथे मशीन बनवणाऱ्यानं भरावे'. आणि बनवणाऱ्यानं भरलं नाही. मॉडेलच्या जागी तेच, कंपनीच्या जागी तेच, असेट टॅगच्या जागी तेच. आणि तो जगात एकमेव असणारा यूयूआयडी? सेहेचाळीसच्या सेहेचाळीस मशीनवर एकच, ०३०००२००-०४००-०५००-०००६-०००७०००८०००९, बघूनच कळते की कोणीतरी बोटं मोजत टाइप केला आहे. नंतर समजलं की हा नंबर जगभरच्या स्वस्त बोर्डांवर सापडतो. सॉफ्टवेअर बिचारं काय करणार, त्याच्या लेखी ती ४६ वेळा हजेरी देणारी एकच मशीन. ११४ मधून ४६ वजा, एक मिळवा, ६९. हिशोब अगदी बरोबर होता.

सप्लायरला फोन केला. तो म्हणे, "सर ते कोणीच भरत नाही, आजपर्यंत कोणी विचारलंही नाही, तुम्ही पहिले." मी म्हटलं भाऊ, बायोसवाल्यांचं छोटं टूल असते, पेनड्राइव्हवरून दोन मिनिटात नंबर लिहिता येतो, ४६ मशीनला दोन तास. तर म्हणे टेंडरमध्ये लिहिलं होतं का? नव्हतं लिहिलं. खरंच नव्हतं. मी फाईल काढून पाहिली, त्यात प्रोसेसर, ८ जीबी रॅम, एसएसडी, मॉनिटरची साइज, तीन वर्ष वॉरंटी, कीबोर्ड माऊस आणि माऊस पॅडसुद्धा लिहिलं होतं. माऊस पॅड आठवला, मशीनची ओळख नाही आठवली. सप्लायरला मी दोष देत नाही, एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी बोलीवाला, येण्यासाठी त्यानं शंभर शंभर रुपये वाचवले असतील.

याचा तोटा काय ते दुसऱ्या लॅबमधल्या २३ नंबरवरून कळलं. ती ब्रँडेड मशीन, तिचा तक्ता नीट भरलेला. रजिस्टरमध्ये ८ जीबी, म्हणजे चार चारच्या दोन पट्ट्या. तक्ता म्हणाला पहिल्या स्लॉटमध्ये ४ जीबी, दुसऱ्यात 'नो मॉड्यूल इन्स्टॉल्ड'. कॅबिनेट उघडलं. आत सगळीकडे बोटभर धुळीची गादी, पंख्यावर, हीटसिंकवर, पॉवर सप्लायच्या वायरींवर, आणि त्या दुसऱ्या स्लॉटच्या फटीत मात्र चकाचक काळं प्लास्टिक. म्हणजे पट्टी बरेच दिवस तिथं होती आणि अलीकडेच निघाली. कोणी काढली, केव्हा काढली, रिपेअरला गेली होती तेव्हा का प्रॅक्टिकलच्या वेळी, काही सांगता येत नाही, कारण आधीची नोंदच नाही. पोरं एक वर्ष 'सर ही मशीन स्लो आहे' म्हणत होती आणि मी त्यांना म्हणत होतो की तुम्हीच ब्राउझरच्या चाळीस टॅब उघडता. माझी चूक. दर महिन्याला यादी काढली असती तर निदान महिना कळला असता. आणि ज्या ४६ मशीनना नावच नाही त्यांच्यातलं काय निघालं काय बदललं हे सॉफ्टवेअर कसं सांगणार?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हा पण हेच. वरून पत्र आलं की विंडोज ११ कोणत्या मशीनवर चालेल आणि कोणत्या निर्लेखित कराव्या, म्हणजे रजिस्टरमधून काढाव्या लागतील याची यादी द्या, तीन दिवसात. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आहे का, प्रोसेसर कोणत्या पिढीचा. दोन लॅबची यादी वीस मिनिटात काढून दिली, तिसऱ्या लॅबसाठी परत टेबल ओढा.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. वर सांगितलं ते सगळं मशीन चालू असेल तर. बंद मशीनचं काय? त्याच्यासाठीही त्याच डीएमटीएफनं २००७ साली डॅश नावाचं स्टँडर्ड काढलं. डॅश म्हणजे डेस्कटॉप आणि मोबाईल मशीनचं आर्किटेक्चर, थोडक्यात कोणत्याही कंपनीचा डेस्कटॉप एकाच पद्धतीनं लांबून सांभाळता यावा. मशीन बंद असली तरी प्लग चालू असेल तर नेटवर्क कार्डाला थोडी स्टँडबाय वीज मिळत राहते, तेवढ्यावर आतला एक छोटा कंट्रोलर जागा असतो आणि ६२३ किंवा ६६४ नंबरच्या पोर्टवर उत्तर देतो. त्याला सांगता येते की चालू हो, बंद हो, आत काय काय आहे ते सांग, हार्ड डिस्कवरून नको नेटवर्कवरून बूट हो. विंडोज उडालेलं असलं तरी. ज्यानं कधी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी साठ मशीनवर एकेक पेनड्राइव्ह लावत सॉफ्टवेअर टाकलं असेल त्याला विचारा याची किंमत काय. एएमडीच्या प्रो वाल्या मशीनमध्ये हे मिळते, इंटेलची तशीच स्वतःची सोय एएमटी आहे जी व्हीप्रो शिक्क्याच्या मशीनमध्ये येते आणि ते डॅशचीही भाषा समजते. रियलटेकच्या नेटवर्क चिपांमध्येही काही डॅशवाल्या काही बिनडॅशच्या, ८१११ तोच आकडा, फक्त मागची इंग्रजी अक्षरं वेगळी, ईपी असेल तर डॅश आहे, एच असेल तर नाही. बाहेरून सगळं सारखंच दिसते. बर्डीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात विचाराल तर दहातले नऊ जण म्हणतील डॅश म्हणजे कारचा डॅशकॅम का भाऊ.

आमच्या पहिल्या लॅबमधल्या मशीन अशा आहेत, ही सोय असलेल्या. घेतल्या तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नाही, योगायोगानं आल्या. मी दोन आठवडे खपून सेट केलं, माझ्या टेबलावरून ३० मशीन एका क्लिकवर चालू झाल्या तेव्हा खरं सांगतो अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लिक केलं तर एकही नाही. केबल पाहिली, स्विच पाहिला, सगळं ठीक. मग कळलं की संध्याकाळी साडेसहाला मामा लॅबचा मेन स्विच पाडून जातात. शॉर्ट सर्किट होऊन आग लागू नये म्हणून वरूनच तसा आदेश आहे, आणि मामांचं काही चुकलं नाही. पण मेन पडला की स्टँडबाय वीज गेली, मग डॅश नाही आणि नेटवर्कवरून मशीन उठवायचं साधं वेक-ऑन-लॅनही नाही, ज्याच्यात तर फक्त १०२ बाइटचं एक पाकीट पाठवायचं असते, सहा वेळा एफएफ आणि मग मशीनच्या नेटवर्क कार्डाचा नंबर, म्हणजे मॅक पत्ता, सोळा वेळा, एखाद्याला झोपेतून उठवताना नावानं हाका माराव्या तसं.

आणि मेन पाडल्याचा आणखी एक ताप, वीज पूर्ण बंद असली की बायोसचं घड्याळ त्या नाण्याएवढ्या सेलवर चालते, सीआर २०३२, मग तो लवकर उतरतो. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांनी जूनमध्ये लॅब उघडली की निम्म्या स्क्रीनवर 'एफ १ दाबा', तारीख कुठच्या कुठे मागे, आणि मी बायोसमध्ये जाऊन केलेली सगळी सेटिंगं पुसलेली. सेटिंगं म्हणजे काय काय, वेक-ऑन-लॅन चालू, ईआरपी बंद कारण ते चालू असलं तर वीज वाचवायला बोर्ड नेटवर्क कार्डाचीच वीज तोडते, आणि बायोसच्या बाहेर, विंडोजमधलं फास्ट स्टार्टअपही बंद ठेवावं लागते, कारण त्यात शटडाउन हे खरं शटडाउन नसतेच आणि मग मशीन हाकेला उठत नाही. यातली एक जरी राहिली तरी पोट्टे म्हणतात सर तुमचं ते रिमोटवालं चालत नाही.

शेवटी मी सरांकडे गेलो. ते म्हणाले आग लागली तर तुम्ही जबाबदार का? मी गप्प बसलो. नंतर इलेक्ट्रिशियन भाऊंनीच मार्ग सांगितला, पंखे लाइट आणि एसीचा वेगळा एमसीबी, कॉम्प्युटरचा वेगळा, त्याला वीज गळली की सप्लाय तोडणारं चांगलं ईएलसीबी लावायचं, आणि मामांनी फक्त पहिला पाडायचा. सर तयार झाले, खर्चाची फाईल अजून फिरून राहिली आहे.

धोक्याचंही सांगितलं पाहिजे, नाहीतर कोणी म्हणेल याला फक्त चांगलंच दिसते. जे दार माझ्यासाठी उघडते ते दुसऱ्यासाठीही उघडू शकते, आणि हे दार विंडोजच्याही खाली आहे, अँटीव्हायरसला दिसत नाही. २०१७ मध्ये इंटेलच्या एएमटीत अशी चूक सापडली होती की लॉगिनच्या उत्तराची जागा रिकामी पाठवली तरी आत घेत होतं, पासवर्ड न देता! नंतर फर्मवेअर अपडेट आले, पण ते टाकले किती जणांनी? आणि कारखान्यातून येणारा एएमटीचा पासवर्ड असतो 'ॲडमिन'. तो कोणी बदलला नाही तर मशीनपाशी दोन मिनिटं बसलेला कोणीही पोट्टा तिचा मालक होऊ शकते. म्हणून एक तर नीट सेट करा, पासवर्ड बदला आणि ते पोर्ट फक्त लॅबच्या आतल्या नेटवर्कपुरते ठेवा, नाहीतर बायोसमधून बंद तरी करा. अर्धवट सोडलेलं सगळ्यात वाईट, आणि माझा अंदाज असा की बहुतेक ठिकाणी ते अर्धवटच सोडलेलं आहे, कारण आहे हेच माहीत नाही.

तर साहेब, माझी मागणी एवढीच. नागपुरात आणि विदर्भात दरवर्षी कॉलेजं, शाळा, सरकारी कचेऱ्या कॉम्प्युटर घेतात, मार्च आला की तर रांगच लागते. टेंडर लिहिणाऱ्यांनी माऊस पॅडच्या ओळीखाली चार ओळी वाढवाव्या. एसएमबायोसमध्ये सिरियल नंबर आणि यूयूआयडी भरलेला आणि प्रत्येक मशीनचा वेगळा असावा, असेट टॅग आमच्या रजिस्टरच्या नंबरानं सप्लायरनं भरून द्यावा, मशीन डॅश किंवा एएमटीवाली असावी आणि त्याचा पासवर्ड बदलून पाकिटात सील करून द्यावा. सगळ्या मशीन डॅशवाल्या परवडत नसतील, समजू शकतो, त्या जरा महाग पडतात, पण पहिल्या दोन गोष्टींना रुपयाही लागत नाही. आणि बिल पास करायच्या आधी माल घेणाऱ्यानं पाच मशीन चालू करून तो तक्ता वाचावा, एक कमांड आहे, ती रिसीव्हिंगच्या कागदावरच छापून ठेवा. 'टू बी फिल्ड बाय ओईएम' दिसलं की माल परत. सप्लायर लोक नाराज होतील एकदा, दुसऱ्या वेळी भरून आणतील. सर्व्हरवाल्यांकडे तर २०१५ पासून रेडफिश हे लांबून सांभाळायचं स्टँडर्ड आहे, तिथं असं विचारायची वेळही येत नाही, गरिबाच्या डेस्कटॉपलाच कोणी वाली नाही.

माझ्या ४६ मशीनचं म्हणाल तर त्या मी स्वतःच भरून घेतो आहे, रोज चार, पोट्टे गेल्यावर. बोर्डावरच्या स्टिकरचा नंबर वाचून टाकतो, तो स्टिकर आत असल्यामुळे उन्हानं गेलेला नाही. आतापर्यंत ३१ झाल्या. यादी आता १०० दाखवते. म्हणजे हिशोबानं ३१ वाढायला पाहिजे होत्या, तेवढ्याच वाढल्या, पण काल काकांनी रजिस्टर परत मोजलं तर त्यांच्याकडे ११२ निघाल्या. दोन मशीन लॅबमध्ये जास्त आहेत, रजिस्टरमध्ये नाहीत. काका म्हणतात पान चिकटलं असेल. उद्या परत बसतो आहोत.

आपला,
एक लॅब असिस्टंट, नागपूर